तोर्रेमोलिनोसला मुक्काम ठेवून एका दिवसाच्या सहली कशा आखाव्यात

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागा शहराच्या नैऋत्येला, तोर्रेमोलिनोस हे सुटीच्या मुक्कामाचे गाव आहे. ‘तोर्रे’ म्हणजे बुरूज आणि ‘मोलिनोस’ म्हणजे गिरण्या. झऱ्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आणि किनाऱ्यावर लक्ष ठेवणारा एक बुरूज एवढीच एके काळी या गावाची ओळख होती. 1959 साली येथे पेस एस्पादा हे मोठे हॉटेल उघडले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मासेमारीच्या या गावाचे रूप पालटून गेले. आज येथे ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी आणि नेदरलँड्समधून विमाने भरभरून लोक येतात, आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही मुलांच्या शाळेच्या सुटीत आठवडाभरासाठी हा किनारा निवडतात. प्रस्तुत लेख अशा प्रथमच जाणाऱ्या कुटुंबांसाठी आहे.

समुद्र, वाळू आणि सान मिगेल रस्त्यावरची खरेदी हे सारे दोन दिवसांत पाहून होते. तिसऱ्या दिवशी ‘आता काय?’ हा प्रश्न पडतो आणि मग हॉटेलच्या दाराशी लावलेल्या सहलींच्या फलकाकडे पावले वळतात. त्या फलकावरच्या सहली वाईट असतात असे नाही; परंतु त्यांतील बहुतेक ठिकाणी आपले आपण, कमी खर्चात आणि अधिक निवांतपणे जाता येते. तोर्रेमोलिनोसचे खरे मोल त्याच्या किनाऱ्यापेक्षा गावाच्या मधोमध जमिनीखाली असलेल्या रेल्वेस्थानकात आहे, असे माझे मत आहे.

पहिली पायरी: अल्हाम्ब्राचे तिकीट, मग बाकीचे सारे

ग्रानादा शहरातील अल्हाम्ब्रा, म्हणजे मुसलमानी राजवटीतील टेकडीवरचा किल्ला, राजवाडे आणि बागा, पाहायचा असेल, तर विमानाचे तिकीट काढल्यावर लगेच, हॉटेलातील खोलीचा विचार करण्याच्याही आधी, त्याचे प्रवेशपत्र काढावे. दररोज ठरावीक संख्येनेच लोकांना आत सोडले जाते, आणि वसंतापासून शरदापर्यंतच्या गर्दीच्या महिन्यांत ही प्रवेशपत्रे कित्येक आठवडे आधी संपतात. ती अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत. प्रत्येक प्रवेशपत्रावर व्यक्तीचे नाव आणि पारपत्राचा क्रमांक असतो व दाराशी मूळ पारपत्र पाहिले जाते. भ्रमणध्वनीतले छायाचित्र दाखवून भागेल अशा भरवशावर राहू नये. लहान मुलांच्या नावानेही प्रवेशपत्र काढावे लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे या प्रवेशपत्रावर नासरी राजवाड्यांत, म्हणजे ग्रानादाच्या नासरी राजघराण्याच्या महालांत, शिरण्याची वेळ छापलेली असते, आणि ती वेळ म्हणजे तीच वेळ. बाकीच्या बागा आणि किल्ला दिवसभरात केव्हाही पाहता येतात. तोर्रेमोलिनोसहून सकाळी निघणाऱ्याने ही वेळ दुपारी एकच्या पुढची घ्यावी, म्हणजे वाटेत एखादी गाडी चुकली तरी जीव टांगणीला लागत नाही. आमच्या पहिल्या खेपेला साडेअकराची वेळ घेतली होती. बस अर्धा तास उशिरा पोहोचली आणि वृद्ध सासूबाईंना हाताला धरून चढ चढताना बागेतली एकही गोष्ट डोळ्यांना दिसली नाही. आम्ही राजवाड्याच्या दाराशी पोहोचलो तेव्हा आमच्या वेळेची रांग आत सरकू लागली होती.

अल्हाम्ब्राचा दिवस एकदा ठरला, की बाकीच्या सहली त्याच्या अलीकडे-पलीकडे मांडता येतात. आठवड्याच्या मुक्कामात लांबच्या दोन, जवळच्या दोन आणि मध्ये किनाऱ्यावर विसावण्याचे दिवस एवढेच ठेवावे. रोज पहाटे उठून रोज दोनशे किलोमीटर फिरणारी कुटुंबे चौथ्या दिवशी एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

दुसरी पायरी: लोकलमार्ग नीट समजून घ्यावा

मालागा ते फुएन्हिरोला असा किनाऱ्यालगत जाणारा लोकलमार्ग आहे. स्पेनमध्ये लोकलगाड्यांना ‘सेर्कानियास’ म्हणतात आणि या मार्गाची खूण ‘से-उनो’, म्हणजे सी-1, अशी आहे. गाड्या साधारण दर 20 मिनिटांनी सुटतात. मार्गाचा बराच भाग एकेरी असल्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत एखाद्या स्थानकात खोळंबा होतो, त्याला बिघाड समजू नये. तोर्रेमोलिनोसहून मालागाकडे जाताना वाटेत ‘आएरोपुएर्तो’ हे विमानतळाचे स्थानक लागते, त्यानंतर ‘मारिया सांब्रानो’ हे मोठे स्थानक आणि शेवटी ‘सेन्त्रो-आलामेदा’ हे शहराच्या मध्यवस्तीतले शेवटचे स्थानक येते. एकूण प्रवास अर्ध्या तासाच्या आतबाहेर असतो.

यांतील मारिया सांब्रानो हे नाव पाठ करून ठेवावे. विसाव्या शतकातील एका स्पॅनिश तत्त्वज्ञ स्त्रीचे नाव या स्थानकाला दिलेले आहे. येथूनच कोर्दोबा, सेव्हिया आणि माद्रिदकडे वेगवान गाड्या सुटतात, आणि स्थानकाला लागूनच, रस्ता ओलांडण्याच्या अंतरावर, शहराचे मुख्य बसस्थानक आहे, जेथून ग्रानादा, रोंदा आणि नेर्हाच्या बस मिळतात. म्हणजे लांबच्या कोणत्याही सहलीची सकाळ सारखीच असते: गावातून लोकल पकडावी, मारिया सांब्रानोला उतरावे आणि पुढची गाडी किंवा बस घ्यावी. या बदलासाठी पाऊण तास हाताशी ठेवावा. लोकलचे तिकीट उतरल्यावरही जपून ठेवावे, कारण बाहेर पडण्याच्या फाटकालाही ते लावावे लागते; मुलांच्या हातात तिकिटे दिली की ती नेमकी याच वेळी सापडत नाहीत.

नावे वाचण्याची एक खुबी येथेच सांगतो. स्पॅनिशमध्ये ‘जे’ या अक्षराचा उच्चार घशातल्या ‘ह’ सारखा होतो, ‘जी’ च्या पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आला तरी तसाच, आणि मूळचा ‘एच’ मात्र मुकाच राहतो. त्यामुळे फलकावर जे ‘नेर्जा’ वाटते ते नेर्हा, ‘मिजास’ वाटते ते मीहास, आणि आपण ज्याला अल्हाम्ब्रा म्हणतो त्याला बसचालक ‘आलांब्रा’ म्हणतो. वाट विचारताना एवढे ठाऊक असले तरी निम्मे काम होते.

तिसरी पायरी: वार आणि ऊन पाहून दिवस निवडावा

सोमवारी स्पेनमधील पुष्कळ संग्रहालये बंद असतात. रविवारी दुकाने व बाजार बंद असतात आणि लहान गावांकडच्या बसफेऱ्या अगदी कमी होतात. दुपारी दोन ते पाच या वेळेत लहान गावांतली बरीचशी दारे लोटलेली असतात. जेवणाच्या वेळाही आपल्याला उशिराच्या वाटतात: दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर. जूनमध्ये मालागाला सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला परतणे म्हणजे अर्धा दिवस वाया घालवणे होय.

उन्हाचा विचार मात्र गांभीर्याने करावा. किनाऱ्यावर समुद्राच्या वाऱ्यामुळे ऊन फारसे जाणवत नाही, पण डोंगरापलीकडचे हवामान वेगळे असते. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दोबाचा पारा 40 अंशांच्या पुढे सहज जातो. मालागालाही उन्हाळ्यात कधी कधी उत्तरेकडून डोंगर उतरून येणारा ‘तेर्राल’ नावाचा कोरडा, भट्टीसारखा वारा सुटतो. त्या दिवशी सहल रद्द करून पाण्यात डुंबावे. कोर्दोबा वसंतात किंवा ऑक्टोबरनंतर पाहावे. रोंदा समुद्रसपाटीपासून 700 मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने उन्हाळ्यातही तेथली संध्याकाळ सुसह्य असते.

मालागा: सर्वांत जवळची आणि बहुतेकांनी वाया घालवलेली सहल

मालागा म्हणजे विमानतळ, अशी समजूत करून घेऊन अनेक जण या शहराला वळसा घालतात. ही चूक करू नये. सेन्त्रो-आलामेदा स्थानकातून बाहेर पडून पाच-सात मिनिटे चालले, की आताराथानास हा मंडईचा लोखंडी मंडप लागतो. त्याच्या दर्शनी बाजूची संगमरवरी नालाकृती कमान चौदाव्या शतकातली, मुसलमानी राजवटीतील जहाजबांधणीच्या कारखान्याची आहे. तेव्हा समुद्र या भिंतींपर्यंत येत असे. आता तो बराच मागे हटला आहे आणि कमानीखालून जहाजांऐवजी टोमॅटोच्या पेट्या जातात. मंडई सकाळची असते आणि रविवारी बंद असते.

पुढे कॅथेड्रल लागते. त्याचा एकच मनोरा पूर्ण आहे. दुसऱ्याचे काम 1782 मध्ये थांबले ते पुन्हा सुरू झाले नाही, म्हणून गावकरी त्याला लाडाने ‘ला मान्किता’, म्हणजे एका हाताने थोटी, असे म्हणतात. तेथून दहा मिनिटांवर आल्कासाबा ही अकराव्या शतकात आकाराला आलेली गढी आहे, आणि तिच्या पायथ्याशी 1951 मध्ये उजेडात आलेले रोमन नाट्यगृह आहे. आल्कासाबाच्या वर, त्याच टेकडीच्या माथ्यावर, हिब्रालफारोचा किल्ला दिसतो आणि दोन्हींना जोडणारी तटबंदीही दिसते; परंतु पर्यटकांना आतून वर जाता येत नाही. खाली उतरून बाहेरच्या चढावरून अर्धा तास चढावे लागते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी 35 क्रमांकाच्या शहर बसने वर जावे आणि पायी उतरावे.

पिकासोचा जन्म 25 ऑक्टोबर 1881 रोजी याच शहरात, मेर्सेद चौकातल्या घरात झाला. त्याच्या चित्रांचे संग्रहालय 2003 मध्ये जवळच्याच बुएनाविस्ता वाड्यात सुरू झाले. वाड्याच्या तळघरात उत्खननात सापडलेले फिनिशियन काळातील अवशेषही पाहायला मिळतात, आणि चित्रांनी गोंधळून गेलेल्या मुलांना तेच अधिक आवडतात. रविवारी दुपारी दोननंतर आल्कासाबाला प्रवेशशुल्क नसते, म्हणून बाजाराचा मोह नसलेल्यांना मालागासाठी रविवारची दुपार सोयीची पडते.

येथे कॉफी मागवणे हा एक स्वतंत्र विषय आहे. दुधाचे आणि कॉफीचे प्रमाण सांगण्यासाठी मालागाची स्वतःची परिभाषा आहे: अर्धी-अर्धी हवी असल्यास ‘मिताद’, दूध जास्त हवे असल्यास ‘सोंब्रा’, म्हणजे सावली, आणि दुधात कॉफीचा केवळ आभास हवा असल्यास ‘नुबे’, म्हणजे ढग. आपल्या सवयीच्या दुधाळ कॉफीला ‘सोंब्रा’ जवळची वाटेल.

ग्रानादा: प्रत्यक्ष दिवस कसा घालवावा

मालागाच्या बसस्थानकातून ग्रानादाला वरचेवर बस आहेत आणि प्रवास पावणेदोन तासांच्या आसपास होतो. जागा आदल्या दिवशीच राखून ठेवावी. ग्रानादाचे बसस्थानक गावाच्या उत्तर टोकाला आहे. तेथून शहर बसने मध्यवस्तीत यावे आणि इसाबेल ला कातोलिका चौकाजवळून अल्हाम्ब्राच्या टेकडीवर जाणारी लहान लाल बस घ्यावी. बसस्थानकावर उतरल्यापासून टेकडीवर पोहोचेपर्यंत एक तास धरावा.

टेकडीवर जाणारी बस मुख्य प्रवेशद्वारापाशी सोडते. तेथून हेनेरालिफे या उन्हाळी महालाच्या बागा जवळ आहेत, पण नासरी राजवाडे पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर, टेकडीच्या दुसऱ्या टोकाला आहेत. त्यामुळे वेळ दुपारची असल्यास आधी बागा पाहाव्यात, मग हळूहळू किल्ल्याकडे सरकावे आणि ठरलेल्या वेळेआधी वीस मिनिटे राजवाड्याच्या दाराशी असावे. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत.

राजवाड्यात शिरल्यावर बहुतेक जण सिंहांच्या चौकाकडे धाव घेतात. थोडे थांबावे आणि भिंतीकडे, हाताच्या अंतरावरून पाहावे. लांबून जी केवळ वेलबुट्टी वाटते तिच्यात अरबी अक्षरे गुंफलेली दिसू लागतात, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत असल्याचे लक्षात येते: ईश्वराखेरीज कोणी विजेता नाही. हे नासरी घराण्याचे ब्रीद होते. तेराव्या शतकापासून राज्य करणाऱ्या या घराण्याच्या शेवटच्या राजाने, ज्याला स्पॅनिश लोक बोआब्दिल म्हणतात, 2 जानेवारी 1492 रोजी ग्रानादा इसाबेल आणि फेर्नान्दो या ख्रिस्ती राणी-राजांच्या स्वाधीन केले. ब्रीद भिंतींवर तसेच राहिले. दगडात कोरल्यासारखे दिसणारे हे नक्षीकाम बव्हंशी चुन्या-गिलाव्याचे आहे, आणि म्हणूनच त्याला हात लावू नये असे पहारेकरी वारंवार सांगत असतात.

प्रवेशपत्र मिळालेच नाही तर दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे प्रवेशपत्रासह येणारी संघटित सहल घेणे. एरवी मी तिची शिफारस करणार नाही, पण येथे ती उपयोगी पडते. दुसरा म्हणजे टेकडीवर तरीही जाणे, कारण न्यायद्वाराची कमान आणि पाचव्या चार्ल्सचा गोल चौकाचा राजवाडा यांना प्रवेशपत्र लागत नाही. संध्याकाळी समोरच्या आल्बाइसिन वस्तीत सान निकोलासच्या कट्ट्यावर जाऊन बसावे. तेथून लालसर झालेला अल्हाम्ब्रा आणि त्यामागे, उन्हाळ्याचे दिवस वगळता, सिएर्रा नेवादा पर्वतावरचा बर्फ दिसतो. तेथे पिशवी मांडीवर ठेवावी, बाकावर नव्हे.

रोंदा आणि तिचा पूल

रोंदा मालागापासून सुमारे 100 किलोमीटरांवर आहे. बसला दोन तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. रेल्वेच्या फेऱ्या मोजक्या असल्याने परतीची वेळ आधी पाहून मगच जाण्याची वेळ ठरवावी. गाव एका कड्यावर वसले आहे आणि ग्वादालेविन नदीने त्या कड्याची मधोमध चीर पाडली आहे. या दरीला ‘एल ताहो’ म्हणतात. तिच्यावरचा ‘नवा पूल’ 1793 मध्ये पूर्ण झाला. त्याला चार दशके लागली आणि उंची 98 मीटर आहे. त्याआधीचा पूल घाईने बांधलेला होता आणि तो 1741 मध्ये कोसळून माणसे दगावली होती, हे ठाऊक असले की या पुलाच्या खांबांची जाडी पाहताना वेगळेच वाटते.

पुलावरून पूल दिसत नाही, ही साधी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बस स्थानकापासून चालत यावे, पूल ओलांडावा, जुन्या गावात उजवीकडे वळून मारिया आउक्सिलियादोरा चौकातून खाली जाणारी पायवाट धरावी. उतार तीव्र आहे आणि बारीक खडीवरून पाय घसरतो, म्हणून किनाऱ्यावरच्या सपाता घालून उतरू नये. वीसेक मिनिटांत पूल पूर्ण उंचीने समोर उभा राहतो. मधल्या कमानीवरची लहान खिडकी ज्या खोलीची आहे ती एके काळी कोठडी म्हणून वापरली जात असे. सह्याद्रीतले कडे पाहिलेल्या माणसाला दरीचे अप्रूप कदाचित वाटणार नाही. पण तिच्या अगदी कडेला, भिंतीला भिंत लावून, घरे उभी असलेली पाहून पोटात गोळा येतोच.

नेर्हा आणि फ्रिहिलियाना

पूर्वेकडच्या नेर्हा गावी बसने जाता येते. गावात ‘युरोपचा सज्जा’ म्हणून ओळखला जाणारा समुद्रावर झुकलेला चौक आहे, पण मुख्य आकर्षण गावापासून चार किलोमीटरांवर, मारो वस्तीजवळच्या गुहेचे आहे. 12 जानेवारी 1959 रोजी वटवाघळे पकडायला गेलेल्या पाच मुलांना ती सापडली. तिच्यातला छताला भिडलेला चुनखडीचा स्तंभ 32 मीटर उंच आहे. वर्षभर आतले तापमान 20 अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे भर दुपारची वेळ गुहेसाठी राखून ठेवावी.

नेर्हाहून सहा-सात किलोमीटर डोंगरात फ्रिहिलियाना हे पांढऱ्या भिंतींचे गाव आहे. रविवारी तेथे जाण्याचा आग्रह मी एकदा धरला होता. वर जायला वाहन मिळाले आणि खाली यायला दोन तास उन्हात उभे राहावे लागले. कामाच्या वारीच जावे. या गावात उसाच्या रसापासून काकवी करणारा जुना कारखाना आहे आणि तशा प्रकारचा युरोपातला तो एकमेव उरलेला कारखाना म्हणून ओळखला जातो. स्पॅनिश लोक तिला ‘मिएल दे कान्या’, म्हणजे उसाचा मध, म्हणतात. मालागा परगण्यात वांग्याचे पातळ काप कुरकुरीत तळून त्यांवर ही काकवी सोडतात. ताट समोर आले, गरम कापांवरून काळसर धार ओघळू लागली आणि सासूबाईंनी पहिला घास घेतला, तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, “अगं, ही तर कोल्हापूरची काकवी.” बाटली विकत घेऊन जावी, पण हातातल्या सामानात नव्हे.

कोर्दोबा, कामिनितो आणि जवळची ठिकाणे

वेगवान गाडीने मारिया सांब्रानोहून कोर्दोबा साधारण एका तासावर आहे. तिकीट जितके आधी काढावे तितके स्वस्त पडते. आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली मशीद, तिच्यातले लाल-पांढऱ्या कमानी तोलणारे 856 खांब, आणि सोळाव्या शतकात त्या खांबांच्या मधोमध उभारलेले कॅथेड्रल हे सारे एकाच छताखाली पाहायला मिळते. आत शिरल्यावर मध्यभागाकडे थेट न जाता भिंतीच्या कडेने, कमी उजेडातून चालत राहावे. खांब संपत नाहीत असे वाटू लागते, आणि मग एकाएकी उंच, पांढरे, उजेडाने भरलेले छत डोक्यावर येते. स्थानकापासून मशिदीपर्यंत चालत अर्धा तास पुरतो.

कामिनितो देल रेय ही दरीच्या भिंतीला टांगलेली फळ्यांची वाट आहे. जलविद्युत केंद्राच्या कामगारांसाठी ती बांधली होती. 1921 मध्ये राजा तेरावा आल्फोन्सो तिच्यावरून चालला, म्हणून ती ‘राजाची पायवाट’ झाली. पुढे ती मोडकळीस आली, अपघात झाले आणि दुरुस्तीनंतर 2015 मध्ये ती पुन्हा खुली झाली. काही ठिकाणी खाली सुमारे 100 मीटर पोकळी असते. प्रवेशाची वेळ आगाऊ राखावी लागते, शिरस्त्राण देतात, आठ वर्षांखालील मुलांना सोडत नाहीत, वाट एकाच दिशेने चालायची असते आणि सोमवारी ती बंद असते. मालागाहून एल चोर्रोपर्यंत रेल्वे आहे. तेथून फेरीची बस उत्तर टोकाला सोडते. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी हट्ट करू नये, कारण अर्ध्यातून परत फिरता येत नाही.

जवळच्या अर्ध्या दिवसासाठी बेनालमादेना पुरेसे आहे. लोकलने दहा-बारा मिनिटांत आर्रोयो दे ला मिएल स्थानक येते आणि तेथून काही पावलांवर कालामोर्रो डोंगरावर जाणारी रज्जुमार्गाची पाळणागाडी आहे. स्वच्छ दिवशी माथ्यावरून आफ्रिकेचा किनारा दिसतो. वरच्या जुन्या बेनालमादेना गावात 2003 मध्ये खुला झालेला 33 मीटर उंचीचा बौद्ध स्तूप आहे. भूमध्य समुद्राकडे पाहत उभा असलेला हा पांढरा स्तूप आणि आतल्या दालनातली बुद्धचरित्राची चित्रे पाहताना मराठी माणसाला साहजिकच आपलेपणा वाटतो. मीहास या टेकडीवरच्या गावालाही बसने जाता येते. तेथील गाढवांच्या सवारीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे, पण उन्हात उभ्या असलेल्या त्या प्राण्यांकडे जवळून पाहिले तर बसावेसे वाटणार नाही.

शाकाहारी कुटुंबांसाठी

‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासा किंवा हॅम चालेल असे येथे पुष्कळदा गृहीत धरले जाते. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’, म्हणजे मांस नको, मासा नको, हॅम नको, असे तिन्ही शब्द सांगावेत. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या कोशिंबिरीत ट्यूना मासा असतो आणि ‘वेहेताल’ नावाच्या सँडविचमध्येही तो बहुधा असतोच. साल्मोरेहो या टोमॅटोच्या थंड सारावर अंडे आणि हॅमचे तुकडे भुरभुरतात, ते न घालण्यास सांगावे. बदाम, लसूण आणि पाव वाटून केलेले आहोब्लांको, पालक-छोले, भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि वर सांगितलेली वांगी यांवर पोट भरते. मासे खाणाऱ्यांनी मात्र तोर्रेमोलिनोसच्याच ला कारिहुएला किनाऱ्यावर, वाळूने भरलेल्या होडीत लाकडांचा जाळ करून, सळईत ओवून भाजलेले सार्डिन, म्हणजे ‘एस्पेतो’, चुकवू नयेत. ते हातानेच खायचे असतात.

पारपत्र आणि सीमा

हॉटेलच्या फलकावर जिब्राल्टर आणि मोरोक्कोतील तांजेर या सहलीही दिसतील. भारतीय पारपत्र असलेल्यांनी पैसे भरण्यापूर्वी थांबावे. तांजेरला जाणे म्हणजे शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, पडणे होय. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर संध्याकाळी बोट परत आली तरी आपल्याला परत घेतले जाणार नाही. शिवाय मोरोक्कोचा व्हिसा वेगळा लागतो. जिब्राल्टर हा ब्रिटिश प्रदेश आहे आणि तेथील सीमेचे नियम ब्रेक्झिटनंतरच्या करारामुळे बदलत आले आहेत, म्हणून ताजे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहूनच निघावे. ब्रिटनमधील वास्तव्याचा परवाना आहे म्हणून सहज जाता येईल असे गृहीत धरू नये. सहल विकणारा माणूस बहुधा युरोपीय पारपत्रे डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो.

परतीचा दिवस

विमान संध्याकाळचे असल्यास खोली सोडल्यावर सामानासह हॉटेलच्या दिवाणखान्यात ताटकळत बसण्याचे कारण नाही. सामान घेऊन लोकलने मारिया सांब्रानोला यावे, तेथील सामानघरात ते ठेवावे आणि राहून गेलेले मालागा पाहावे. विमानतळाला जाण्यासाठी परत फुएन्हिरोलाच्या दिशेची गाडी पकडावी लागते. फलाटावरचा फलक पाहूनच चढावे, कारण उलट दिशेची गाडी पुढच्याच स्थानकात संपते. ‘आएरोपुएर्तो’ हे स्थानक दहा-बारा मिनिटांत येते, तेव्हा सामान दाराजवळच ठेवावे.